चाल : काजल की कटार

अहिराणी कॅसेट विकत घेणारा माणूस गाण्याचे शब्द नंतर ऐकतो, आधी चाल बघतो. कव्हरच्या आत प्रत्येक गाण्याखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, चाल : अमुक पिक्चर. हिंदीतली गाजलेली चाल असली की शब्द कसेही असोत, कॅसेट उचलली जाते. धुळ्यात रतिलालशेठ अशा कॅसेटी काढायचे; त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी अशी कितीतरी गाणी म्हटली. दुसऱ्यांच्या चालींत माझे शब्द कोंबता कोंबता मला स्वतःचाच वीट आला होता.

म्हणून ब्याण्णव साली हट्टाला पेटलो. माहेरी गेलेल्या बायकोची अमळनेर स्टँडवर वाट बघणारा नवरा, असं गाणं लिहिलं आणि चालही मीच बांधली. पेटी घेऊन बसलो, जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली, पुन्हा मोडली. एकदा तरी लोकांनी म्हणावं, ही चाल सुकदेवची. एवढंच तर मागत होतो.

शेठनं गाणं घेतलं, हेच नवल. पण कॅसेट हातात आली आणि माझं डोकंच सणकलं. माझ्या गाण्याखाली छापलं होतं, चाल : काजल की कटार.

"शेठ, हा कुठला पिक्चर?"

"असा पिक्चरच नाही," शेठ शांतपणे म्हणाले. "पण ती जागा रिकामी सोडली तर गिऱ्हाईक विचारतं, ह्या गाण्याला चाल नाही का? आणि तिथं तुझं नाव टाकलं तर कोण घेईल, सुकदेव?"

"अहो, पण चाल माझी आहे!"

"आहेच ना. मी कुठं नाही म्हणतो?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गाणं तुफान चाललं. रिक्षात तेच, चहाच्या टपरीवर तेच. आणि मी सांगायला जावं तिथं 'काजल की कटार' माझ्याआधी पोचलेला. अमळनेरला एका सलूनवाल्यानं तर दाढी करता करता शपथेवर सांगितलं, "तो पिच्चर मी दोनदा देखेल शे, भाऊ. शेवटले हिरॉईन मरी जास." गळ्यावर वस्तरा होता म्हणून गप्प बसलो.

मग माझा मावसभाऊ झुलाल याचं लग्न आलं. नवरदेव घोड्यावर, पुढे चिंधा मास्तरांचा बँड, हातगाडीवर माईक आणि भोंगे. लोकांनी मला तेच गाणं गायला पुढे ढकललं. चिंधा मास्तरांची क्लॅरिनेट ऐकत मी लहानाचा मोठा झालो. दुनियेच्या चाली त्यांना पाठ. निदान हा माणूस तरी ओळखेल, असं मला वाटलं.

"मास्तर, हाई चाल मनी शे," मी म्हटलं.

"गायेल तू शे, माले माहीत शे. आवाज चांगला शे तुना," ते हसून म्हणाले. "पन चाल पिच्चरनी शे, भाऊ."

मग मात्र माझा ताबा सुटला. गाण्याला आणखी एक अंतरा होता. लांबी वाढते म्हणून शेठनं तो कॅसेटमधून उडवला होता. त्याची चाल वेगळी, जास्त अवघड, आणि माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. म्हटलं, हा ऐकल्यावर तरी कळेल की नाही! बँडनं गाणं धरलं आणि पहिलं कडवं संपताच मी डोळे मिटून, जीव ओतून तो अंतरा म्हटला.

क्लॅरिनेट थांबली. ढोल चुकला. नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. गर्दीतून मावशी, नवरदेवाची आई रुक्माबाई, माझ्याजवळ आली आणि तिनं माझा हात धरला.

"काय करी राहिना रे सुकदेव? चांगलं गानं बिघाडी टाकं."

"मावशी, हाई गानं मनंच शे!"

"हां रे बाबा. पन खरं गानं जसं शे तसंच म्हन ना. लगनले उशीर व्हई राहिना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. संताप इतका आला होता की माईक फेकून निघून जावंसं वाटलं. पण लग्न मावशीच्या घरचं. मी मुकाट्यानं पहिल्यापासून धरलं, कॅसेटमध्ये आहे तस्सं. श्वाससुद्धा तिथंच घेतला. पोरं उड्या मारायला लागली, घोडा पुढे सरकला.

गाणं संपलं तेव्हा चिंधा मास्तरांनी माझी पाठ थोपटली.

"आते कसं," ते म्हणाले. "एकदम पिच्चरमधलाच वाटना तू."