एकतिसावा जोड

दिवसाला चाळीस फेऱ्या, आणि जायचं कुठे? तर जिथून निघालो तिथेच. बागेतली छोटी आगगाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला त्याची बायको घाण्याचा बैल म्हणायची. तो म्हणायचा, बैल बरा, त्याला शिट्टी तरी वाजवावी लागत नाही. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. गुडघे छातीशी घेऊन इंजिनात बसायचं, मागच्या पाच डब्यांत पोरं आणि पोरांपेक्षा जास्त ओरडणारे त्यांचे बाप. संध्याकाळी घरी आला की चपला काढायच्या आधी तो भिंतीला टेकायचा आणि थोडा वेळ तसाच उभा राहायचा.

दमायचं कारण एवढंच असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. त्याला दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघावं तिथेच नेमका करडा डाग. हे आता सुधारायचं नाही, वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. बायको रोज डबा हातात देताना म्हणायची, आज तरी सांगून टाका. तो म्हणायचा, उद्या. त्याच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. पुढची अकरा वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. कोणी आलं की हसून चेहरा वळवायचे, पण जरा भलतीकडेच. ती खुर्ची ड्रायव्हरला नको होती. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि तेवढे दिवस झाकली मूठ झाकलेलीच राहावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मग गाडी कशी चालवायचा म्हणाल, तर कानाने. रुळाचे दोन तुकडे जिथे जोडलेले असतात तिथे चाक खटकतं. फलाट सोडल्यापासून एकतीस खटके झाले की पायवाट, जिथून माणसं रूळ ओलांडतात. तिथे घंटा वाजवायची आणि गाडी अगदी हळू करायची. चाळीसला बोगदा. अठ्ठावन्नला ब्रेक. बासष्टला परत फलाट. बासष्ट गुणिले चाळीस, म्हणजे रोजचे अडीच हजार खटके झाले की नाही? माणूस तोंडातल्या तोंडात अडीच हजार मोजतोय आणि वर पोरांना टाटा करतोय. झोपेतसुद्धा त्याचे ओठ हलायचे.

बागेचा फिटर त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. वयाने लहान, म्हणून ड्रायव्हरला दादा म्हणायचा. गाडी हल्ली फारच रेंगाळते हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने एकदा सरळ विचारलं. ड्रायव्हरने थाप ठोकून दिली: पाठ रे बाबा, प्रत्येक जोडाला हिसका बसतो, मणक्यात कळ जाते. थाप मारली आणि विसरून गेला. फिटर कसला विसरतोय! तो मेला एकदा कुणाच्या मागे लागला की त्याचं भलं केल्याशिवाय सोडायचा नाही.

सोमवारी बाग बंद असते. त्या सोमवारी फिटर उजाडताच वेल्डिंगचं मशीन घेऊन रुळांवर बसला आणि एकेक जोड सांधत गेला. वर ग्राइंडर फिरवला, तळहात फिरवून पाहिला, पुन्हा ग्राइंडर फिरवला. उन्हाने रूळ वाढतात म्हणून चार फटी तेवढ्या ठेवल्या. परवानगी कुणाची घेतली नाही. मॅनेजरकडे अर्ज टाकला असता तर उत्तर येईपर्यंत दादाच्या पाठीचा भुगा झाला असता, असा त्याचा हिशोब. दादालाही सांगितलं नाही. उद्या स्वतःच कळू दे, असं मनाशी म्हणाला.

मंगळवारची पहिली फेरी. डबे पोरांनी भरलेले. ड्रायव्हरने शिट्टी दिली, गाडी सुटली, आणि तो पहिल्या खटक्याची वाट बघत बसला. खटका आलाच नाही. गाडी लोण्यावरून चालावी तशी चालली होती. त्याला आधी वाटलं, आता कानही गेले. मग मागची पोरं ओरडताना ऐकू आली, म्हणजे कान शाबूत होते. थांबावं का? पण थांबलं तर का थांबलो ते सांगावं लागणार. येईल, आता येईल, असं म्हणत तो पुढे गेला. तेवढ्यात एक खटका आला. त्याला एवढं हायसं वाटलं की त्याने तोच एक धरला आणि मोजायला लागला. दुसरा काही येईना.

बाईची किंकाळी कानावर आली तेव्हा त्याने सगळा जोर लावून ब्रेक ओढला. इंजिन थांबलं ते बाबागाडीपासून वीतभर अंतरावर. आईने तान्ह्याला उचललं आणि तिथेच पायवाटेवर मटकन बसली. डब्यांतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ही पण गंमतच.

फिटर दादाचा चेहरा बघायला म्हणून झाडामागे उभा होता. तो धावत आला. रुळाला हात लावत म्हणत राहिला की ग्राइंडर जास्त फिरला असणार, ब्रेक लावूनही चाक घसरलं असणार, चूक माझी. मॅनेजर आला, त्याने रूळ बघितले आणि हे कुणाला विचारून केलं म्हणून हळू आवाजात विचारलं. फिटरने मान खाली घातली. मॅनेजर म्हणाला, दुपारपर्यंत हत्यारं जमा कर आणि घरी जा.

ड्रायव्हरला काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि दोन वर्षं त्याने दुसरं केलं तरी काय होतं? पण तो दमला होता. फार दमला होता. आणि डागाच्या कडेने त्याला फिटरचे दोन्ही हात दिसत होते, ठिणग्यांनी जागोजागी पोळलेले. ते हात बघून त्याला स्वतःची शरम वाटली.

"साहेब, रुळांत काही खोट नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं, मग त्या बाईकडे. त्याने इंजिनाची किल्ली काढून घेतली. पोरांना उतरवलं, रांगेने फलाटाकडे नेलं. बाई बाबागाडी ढकलत निघून गेली, एकदाही मागे न बघता.

दोघं रुळाच्या कडेला बसून राहिले. ड्रायव्हरने पाठीची थाप, खटक्यांची मोजणी, सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हरला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घालाव्यातच. पण फिटर हळूच म्हणाला, "दादा, पुढच्या सोमवारी सगळे जोड परत कापतो. होते तसे करून देतो. मॅनेजरच्या पाया पडू, दोघांनाही ठेवा म्हणू, सात महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

ड्रायव्हरने फिटरच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नको रे. पहिला खटका आला नाही तेव्हाच मला गाडी थांबवता आली असती," तो म्हणाला. "मला कळलं होतं. मी थांबवली नाही."