बिरुदेवाची समाधी

मायाक्काचा थोरला लेक बिरुदेव मालवाहू जहाजावर खलाशी होता. सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा समुद्रावर गेला, याचं गावाला लई अप्रूप. प्रशांत महासागरातल्या एका एवढ्याशा बेटाजवळ त्याला ताप चढला. जहाजानं त्याला तिथं उतरवलं आणि पुढची वाट धरली. आठवड्याच्या आत तो गेला. बॉडी आणायचं म्हटल्यावर कंपनीनं हात वर केले. शेवटी तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चच्या फादरांनी त्याला चर्चमागं, आपल्या माणसांतच पुरलं.

"पुरत्यात तर आपल्यात बी की," मायाक्का तेव्हा म्हणाली होती. तिला तेवढाच आधार.

पुढं दर दिवाळीला फादर व्हिडिओ कॉल करायचे. पांढरं चर्च, दोन बुटके मनोरे, पलीकडं पाणीच पाणी, आणि लेकाची समाधी. फादर इंग्रजीत बोलत, कॉलेजात जाणारी धाकटी सृष्टी मराठीत सांगे. मायाक्का फोनच्या काचेवर बोटानं भंडारा लावायची.

यंदा फोन माघातच आला. फादर समाधी दाखवेनात. नुसतं बोलत राहिले. सृष्टीनं मराठीत सांगायचं थांबवलं.

"काय म्हणत्यात?"

"आई, तितं वादळ झालं. समुद्र चर्चच्या भिंतीपातुर आला. मागच्या समाध्या वाहून गेल्या."

"आपली?"

"कायसुदिक घावलं न्हाय म्हणत्यात. चर्च बी बंद करणार हाईत. माणसं बेट सोडून चाललीत."

लेक मेला तेव्हा मायाक्का रडली होती, गाव गोळा झालं होतं. आता कुणाला बोलवायचं आणि काय सांगायचं? माती दिलेला माणूस पुन्हा गेला, म्हणून?

फादरांचे डोळे भरले होते. म्हातारा माणूस. हात जोडून सारखं तेच ते बोलत होता.

"माफी मागत्यात," सृष्टी म्हणाली.

"त्यांना म्हणावं, तुमी तर कुटं जाणार आता?"

सृष्टीनं विचारलं. फादरांनी खांदे उडवले.

"जिवाला जपा म्हणावं," मायाक्का म्हणाली आणि उठली.

सृष्टीनं फोन बंद केला. त्या नंबरावरून आता फोन यायचा नव्हता. वाड्यातली मेंढरं कधीची ओरडत होती. मायाक्कानं वाड्याच्या तोंडचा झापा उघडला, आणि कळप बाहेर पडला तरी ती तिथंच, झाप्याला धरून उभी राहिली.