सारमानोवची मुलं

चोरी तुम्हीच केलीत. घोडं चोरलं असतंत तर माणूस खुणेवरून शोधत गेला असता. तुम्ही बाप चोरलात, बापाचा बाप चोरलात, आणि रिकाम्या जागेवर दुसऱ्याचं नाव चिकटवून मोकळे झालात. पोरं उपाशी होती, आम्ही जेवू घातलं, असं तुम्ही सरकारी माणसं म्हणाल. घातलंत. उपाशी कुणी ठेवलं होतं, ते मात्र तुमच्या कुठल्याच वर्तमानपत्रात छापून आलं नाही.

कुल्यानच्या डोक्यात हे सगळं सोयरिकीच्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी तिच्या डोक्यात फक्त मेंढीची शेपटी होती. शेपटीची चरबी आणि काळीज एकत्र शिजवून दोन्ही घरच्यांनी एका ताटातून खाल्लं की सोयरीक पक्की, मग ती मोडायला देवसुद्धा येत नाही. स्टेशनच्या खानावळीत वीस वर्षं चूल सांभाळलेली बाई ती, पण मुलाच्या सोयरिकीचं काळीज चिरताना ती प्रत्येक तुकडा मोजत होती. नवरा एर्केश जाऊन चार वर्षं झाली होती. दाउरेन एकुलता एक.

नवरी मुलगी मेरुएर्त, दवाखान्यात नर्स. तिलाही बाप नव्हता. म्हणून तिच्या बाजूने तिचा मामा झुमागाझी बोलायला बसला होता. उंटांच्या कळपामागे आयुष्य काढलेला, आवाज माळावरचा, घरात मावत नव्हता.

"आडनाव सांगा की तुमचं," तो सहज म्हणाला. "बाहेर दारावर कसली पाटी नाही, काही नाही. कुणाच्या घरी जेवतोय ते तरी कळू दे."

"सारमानोव," कुल्यान म्हणाली आणि ताट पुढे केलं.

झुमागाझीने हात वर धरला. ताट तिथेच हवेत थांबलं.

"विहीणबाई, ते खाली ठेवा."

"का हो?"

"आमची पोरगीही सारमानोवाच आहे. तिच्या बापाचं नाव तिलेउ. त्याच्या बापाचं नाव सारमान. तुमच्या मालकांच्या बापाचं?"

कुल्यानने ताट खाली ठेवलं. कागदोपत्री एर्केशच्याही बापाचं नाव सारमान होतं.

"बघा म्हणजे!" झुमागाझीने मांडीवर थाप मारली. "आपल्यात सात पिढ्यांत बाप एक निघाला तर लग्न होत नाही, आणि इथे दुसऱ्याच पिढीला गाडी अडकली. शेळीने आपलंच दूध प्यावं तसं झालं हे. काय गं मेरुएर्त, तुला माहीत होतं?"

मेरुएर्तने मान खाली घातली. "आडनाव सारखं आहे एवढं माहीत होतं, मामा. आम्ही हसलो होतो त्यावर. म्हटलं, लग्नानंतर पासपोर्ट बदलायचा त्रास वाचला."

"हसा. आणखी हसा. पोरं तीन कानांची झाली की मीही हसायला येईन."

दाउरेन ताडकन उठला. कुल्यानने त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.

"एर्केश अनाथाश्रमात वाढला होता, पाहुणे," ती म्हणाली. "सात बाप विचारले की म्हणायचा, मला एक धड मिळाला नाही, सात कुठून आणू? ते आडनाव रक्ताचं नसेल. दिलेलं असेल."

"असेलवर मी भाची देत नाही. दाखवा. मग शेपटी पण खाऊ आणि डोकं पण खाऊ."

आणि तो चहा न पिता निघाला. चहा न पिता निघणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारणंच, पण कुल्यानला राग आला नाही. माणूस चूक बोलत नव्हता.

जिल्ह्याचं ग्रंथालय गावापासून रेल्वेने अर्ध्या दिवसावर. तिथली राइसा नावाची बाई मफलर गुंडाळून बसलेली. त्या हिवाळ्यात सरकारी इमारतींची ऊब बंद होती. कॉम्रेडांचं राज्य जाऊन देश नवा झाला होता, नळ्या जुन्याच राहिल्या होत्या. तिने अनाथाश्रमाचं वर्ष विचारलं आणि बांधलेली जुनी वर्तमानपत्रं टेबलावर आणून आदळली. अक्षरं तेव्हाची, लॅटिन; पुढे लिपीच बदलली होती. कुल्यानला त्यातलं ओ की ठो कळेना.

"मला येतं वाचता," राइसा म्हणाली. "आजोबांनी शिकवलं. काही उपयोग होत नव्हता आजपर्यंत."

दोघी पानं उलटत राहिल्या. कापसाची पिकं, भाषणं, पुन्हा कापसाची पिकं. तेहतीस साल उपासमारीचं, पण त्याच्या पानांवर माणसं मेल्याची एक ओळ नव्हती. स्टेशनांच्या आजूबाजूला माणसं झोपल्यासारखी मरून पडली होती हे कुल्यानला तिच्या आईने सांगितलं होतं, आणि इथे पानभर ट्रॅक्टर.

मग फोटो सापडला. खुर्चीत बसलेला मिशाळ माणूस, त्याच्यासमोर गुडघ्यांना टेकून उभी दोन छोटी मुलं, पाटीवर लिहिलेली नावं छातीवर लटकवलेली. राइसाने खालची ओळ वाचली.

"'आश्रमप्रमुख कॉम्रेड सारमानोव आपल्या मुलांसह. एर्केश आणि तिलेउ.'"

कुल्यान खुर्चीवर बसली.

"अहो ताई, पाणी देऊ का?"

"नको. आपल्या मुलांसह असंच लिहिलंय ना?"

"असंच."

म्हणजे झुमागाझी जिंकला. एकाच बापाची दोन पोरं, आणि त्यांची दोन पोरं लग्न करायला निघालेली. तीन कानांची पोरं. कुल्यानने फोटोतला एर्केश पाहिला. कान तेच, जरा बाहेर आलेले. ती इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपली, तो तीन-चार वर्षांचा होऊन तिच्याकडे बघत होता आणि काही सांगत नव्हता.

राइसा मात्र फोटोच्या कडेकडे बघत होती. "हा कापलाय," ती म्हणाली. "या बाजूला बघा, कुणाचा तरी खांदा राहून गेलाय. वर्तमानपत्राच्या फोटोंच्या मूळ काचा अभिलेखागारात दिल्या होत्या. तिथे अख्खा असेल. दोन रस्ते ओलांडून जा."

अभिलेखागारात पाच दिवस लागले. पहिले तीन दिवस साहेब नव्हते, चौथ्या दिवशी साहेब होते आणि किल्ली नव्हती. पाचव्या दिवशी काचेवरून काढलेली छबी तिच्या हातात आली. छबी ओली होती, म्हणून वाळेपर्यंत कुल्यान ती तळहातावर धरून खिडकीपाशी उभी राहिली, पोळी शेकत धरावी तशी.

अंगण होतं. अंगणात पोरंच पोरं, चार रांगा, सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्यांच्या छातीवर पाट्या. राइसा दुपारच्या सुट्टीत आली होती. ती बोट फिरवत वाचत गेली.

"सारमानोव. सारमानोव. ही मुलगी, सारमानोवा. सारमानोव." ती थांबली. "आणि ही बघा."

ठिपके पडलेली, फिकट डोळ्यांची, भुवयाही पांढुरक्या असलेली रशियन पोरगी. पाटीवर सारमानोवा. तिच्या शेजारी तसलाच तिचा भाऊ. तोही सारमानोव.

कुल्यान हसू लागली. कचेरीतले लोक वळून बघायला लागले तरी तिला थांबता येईना. "हा सारमानोव काय बाप्या होता का कोंबडा!" ती म्हणाली. "नावं नसलेल्या पोरांना आपलं नाव वाटत सुटला होता मेला!"

"वाचलात तुम्ही," राइसा म्हणाली.

कुल्यानही तसंच म्हणणार होती. तेवढ्यात तिची नजर छापलेल्या फोटोत जिथे कड होती, तिच्या खाली गेली.

एर्केशचं उजवं मनगट आणि तिलेउचं डावं मनगट एकमेकांना बांधलेलं होतं. दोर नव्हता. तंबूला आतून गुंडाळतात ती विणलेली पट्टी, घरची, नक्षी दिसत होती. अंगणात इतकी पोरं, आणि दुसरं कुणीच असं बांधलेलं नव्हतं.

राइसाने आपली पिशवी चाचपली. मग हळूच म्हणाली, "ताई, कात्री देते. खालचं कापा. पाट्या तर दिसतातच की. वर्तमानपत्राने कापलं, तुम्ही कापलंत तर काय बिघडलं?"

"वर्तमानपत्राने कापलं म्हणून तर मी इथे आलेय," कुल्यान म्हणाली.

ती घरी गेली आणि झुमागाझीला निरोप धाडला. तो आला. तिने छबी त्याच्यासमोर टाकली, अख्खी. तो रशियन पोरीपाशी येऊन खो खो हसला, "अरे आमची ही पण नात्यातली निघाली!" म्हणाला. मग तिने बोटाने मनगटं दाखवली, तसा हसायचा थांबला.

"ही आपण होऊन दाखवलीत?"

"दुसरं कोण दाखवणार?"

तो छबी जवळ धरून, लांब धरून बघत राहिला. "आईने बांधली असतील," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर... मी लहान होतो तेव्हा बघितलंय. स्टेशनवर सोडलेली दोन पोरं कुणी परकी बाईसुद्धा एकमेकांना बांधून जायची. एकही दुसऱ्याला सोडून रेल्वेखाली जाऊ नये म्हणून. दोन्ही असू शकतं."

"आम्ही लग्न करायचं की नाही?" दाउरेनने विचारलं. त्याच्याजवळ मेरुएर्त उभी होती, हाताला हात न लावता. फोटो बघितल्यापासून दोघं एकमेकांना हात लावत नव्हती.

"ते मी सांगू? मी उंट राखतो," झुमागाझी म्हणाला. पण आवाज माळावरचा राहिला नव्हता. "पोरं आणली तेव्हा त्यांनी लिहून घेतलं असणार. कुठून आणली, कुणी सोडली. ते लोक ढेकूण मारला तरी लिहून ठेवायचे. चला विहीणबाई, विचारू."

ती दोघं अभिलेखागारात गेली. खिडकीतल्या तरुणाने वर न बघता सांगितलं की पोरं दाखल करताना केलेल्या नोंदी आहेत, पण खाजगी आहेत, पंच्याहत्तर वर्षं उघडायच्या नसतात.

"म्हणजे कधी या?" झुमागाझीने विचारलं.

"दोन हजार आठ साली."

"बाळा, पंधरा वर्षं नवरी मांडवात उभी करू का? तिच्या पायांत मुळं फुटतील."

"नियम आहे, आजोबा. त्या व्यक्तींच्या खाजगीपणासाठी."

"त्या व्यक्ती मेल्यात," कुल्यान म्हणाली. "एक माझ्या हातात मेला. त्याला आयुष्यभर जे हवं होतं, ते तू त्याच्यापासूनच जपून ठेवतोयस का?"

तरुणाने पहिल्यांदा वर बघितलं. तो वाईट नव्हता. त्याच्या बापाचं नाव त्याला ठाऊक होतं, एवढंच. "अर्ज लिहा," तो म्हणाला. "वर पाठवतो."

कुल्यानने तिथेच उभ्याने लिहिला, झुमागाझीने खाली सही केली. विनंती, कृपा, आपला नम्र असलं काही तिने लिहिलं नाही. छबी सोबत जोडली आणि लिहिलं:

तुमच्या कपाटात आहे. तुम्हाला वाचता येतं. इथे दोन पोरं दारात उभी आहेत, त्यांना आत यायचं की परत फिरायचं ते कळत नाही. ही दोन मनगटं कुणी बांधली? या दोघांची आई एक होती की दोन? उत्तर द्या.