माझ्या डोक्यावरची खडूची रेघ

ओळखलंत का? कसं ओळखाल! फोटो सगळे काढतात, वाचत कोणी नाही. मी एर्लाफुर्टचा पूरदगड बोलतोय. कोळीआळीच्या भिंतीत बसवलेला, अंगावर पाच पुरांच्या पाच रेघा. सर्वांत वरची १७८४ ची.

आमच्या गावाला तीन बाजूंनी एर्ला नदी, चौथीकडे टेकडी. टेकडीवर चर्च, कारण देवाला अक्कल होती. माणसं खाली राहिली. स्वीडिश सैन्याने गाव जाळलं, मग फ्रेंचांनी जाळलं. जाळायला काही उरलं नाही तेव्हा नदी आत आली. गावाच्या नावातच 'फुर्ट' आहे, म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार. एवढं असूनही ज्याला कळत नाही, त्याला आमच्याकडे नगराध्यक्ष करतात.

एगबर्ट ड्रोसल त्यातलेच. गावाच्या साडेसातशेव्या वाढदिवसाला त्यांनी मला घासूनपुसून काढलं आणि दोन हात खाली बसवलं. पाहुण्यांच्या माना दुखतात म्हणे!

"अहो साहेब, पाणी इथवर नव्हतं, वर होतं!" नावाड्याची मुलगी रोस्विता ओरडली. ही आता पंचाहत्तरीची. "बापाच्या खांद्यावर बसून शिवलेय मी ती रेघ!"

"रोस्विताबाई, दोन रेघांमधलं अंतर एक मिलीमीटरही बदललेलं नाही. मोजून घ्या."

खरंच बदललं नव्हतं. काय ते काटेकोर काम!

तेव्हाच रोस्विताची मुलगी इर्मेला आळीच्या चढावर बेकरी बांधत होती. तिने पाणसळ लावून माझ्या १७८४ च्या रेघेहून वीतभर वर उंबरा धरला. आईने परोपरीने सांगितलं.

"आई, तुझं ऐकू की दगडाचं? दगड खोटं बोलतो का कधी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोलणार कसा?

मग रोस्विता स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर, जुन्या जागी, खडूने रेघ ओढू लागली. पण आमच्याकडे शनिवारी आळी झाडायची असते. झाडायची पाटी दर आठवड्याला पुढच्या दारी जाते; ती ज्याच्या दारावर, त्याने भिंतसुद्धा पुसायची. रेघ गेलीच! पाटी इर्मेलाकडे आली की तीही पुसायची. सोमवारी म्हातारी पुन्हा स्टुलावर. सहा वर्षं हा खेळ चालला.

गेल्या जूनमध्ये, एका गुरुवारी, एर्ला आली. मी कपाळापर्यंत बुडालो. खडूच्या रेघेच्या वीतभर खाली पाणी थांबलं. बेकरीची भट्टी गेली, पिठाची पोती गेली. इर्मेला टेबलावर उभी राहून "आई! आई!" हाका मारत होती. होडी आली म्हणून वाचली.

ड्रोसलसाहेबांनी लगेच माझ्या कपाळावर, १७८४ च्याही वर, नवी रेघ कोरली. "इतिहासातला सर्वांत मोठा पूर!" टाळ्या पडल्या. मला परत वर बसवायचं का, यावर समिती नेमली आहे. म्हणजे तुमची नातवंडं बघतील कदाचित. तोवर कृपा करून माझं ऐकू नका.

काल शनिवार होता. पाटी इर्मेलाच्या दारावर. रोस्विताचे गुडघे आता चढू देत नाहीत, ती खाली खुर्चीवर बसली होती. इर्मेला ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली, भिंतीवरची धूळ पुसत पुसत खडूच्या रेघेपाशी आली आणि थांबली. पुरानंतर ती कोणीच पुसली नव्हती, तरी वर्षभरात पार पुसट झाली होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं, खिशातून खडू काढला.

"आई, इथेच ना?"

"चार बोटं वर घे," म्हातारी म्हणाली. "आणि दाबून ओढ गं."