आखूड किमोनो

मिसुझु चांगली उंच होती आणि तिला आवडायचे ते जुने किमोनो ठेंगण्या बायकांसाठी शिवलेले असायचे. त्या रविवारी तिने देवळाच्या बाजारातून आणलेला, नव्वद वर्षांपूर्वीचा जांभळा किमोनो घातला. तो घोट्यांच्या बराच वर राहिला, म्हणून तिने आतून लेसचा परकर आणि पायांत बूट घातले.

क्योतोच्या बसथांब्यावर मागून कुणीतरी तिची गळपट्टी ओढली. राखाडी किमोनोतली, साठीची एक अनोळखी बाई होती.

"अगं पोरी, हे काय ध्यान? थांब, नीट करते. आईने शिकवलं नाही वाटतं?"

मिसुझुने तिचा हात बाजूला केला.

"शिकवलं ना. परक्याच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे शिकवलं."

"असल्या कापडाच्या आम्ही गोधड्या शिवल्या!"

"म्हणून तर उरलेला मी घालते, काकू. हा जिचा होता ती सुट्टीच्या दिवशी नटून सिनेमाला जात असेल. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल. ती काही घरी बसली नसेल."

रांगेतला एक म्हातारा खुदकन हसला. बाई लालबुंद झाली.

बस आली. आत एकच जागा रिकामी होती, नेमकी त्या बाईशेजारी. एरवी मिसुझु उभी राहिली असती. आज ती सरळ जाऊन बसली. तिची लांब बाही बाईच्या मांडीवर पसरली. बाईने ती उचलली, क्षणभर कापड बोटांत चोळून पाहिलं आणि परत आपल्या मांडीवर ठेवली. मिसुझुनेही बाही आवरून घेतली नाही.