उरलेली अर्धी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी अर्धी गोळी आहे. झोपेची. जन्मले तेव्हा अख्खी होते. बदलापूरच्या एका कारखान्यात यंत्राने दाबून मला गोल केलं आणि चंदेरी पाकिटात निजवलं. दुकानात शेजारच्या खोकल्याच्या गोळ्या कुणालाही मिळत. मला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागे. याचा मला फार तोरा होता.

अंबरनाथच्या बुवापाड्यातले हरिचंद्रकाका मला घरी घेऊन आले. त्यांनी सारा जन्म फॅक्टरीत रात्रपाळी केली होती. आता ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या शरीराला ते कुणी कळवलंच नव्हतं. अंधार पडला की काका ड्युटीवर असल्यासारखे टक्क जागे. शेजारी त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई उशीला डोकं टेकताच झोपत. काका त्या झोपेवर इतके जळत, की कूस बदलताना मुद्दाम खाट करकरवत.

डॉक्टरांनी रोज अर्धीच गोळी सांगितली, तीही थोडेच दिवस. काकांनी पोळपाटावर सुरीने माझे दोन तुकडे केले. एक गिळला. ती माझी बहीण. उरले ती मी.

सकाळी काका चाळभर सांगत फिरले, काय गोळी आहे, काय झोप लागली. सगळं कौतुक बहिणीचं. आम्ही एकाच रेघेवर तुटलो होतो, हो. तिला पोट मिळालं, मला प्लास्टिकची डबी.

पण त्या रात्री काका असे घोरले होते, की द्रौपदीबाईंची झोप उडाली होती. जळायची पाळी त्यांची. त्यांनी सरळ हिशेब केला. घरात अर्धी भाकरी उरो नाहीतर अर्धी वाटी आमटी, ती बायकोच संपवते. मग अर्धी गोळी वेगळी कशी? त्याच संध्याकाळी जेवणानंतर, काकांच्या आधीच, त्यांनी मला तळहातावर घेतलं. मला वाटलं, आला माझा दिवस. बाईंना जुना दमा होता, पण तेव्हा मला फक्त पाण्याचा पेला दिसत होता.

तेवढ्यात त्यांची सून मीनल आली.

"आई, ती बाबांची गोळी आहे. मग तुमचा दमा पण अर्धा बाबांना देणार का?"

"देता आला असता तर कधीच दिला असता," बाई म्हणाल्या. पण पेला खाली ठेवला.

मीनल त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, या दम्यात ती गोळी घेतली असती, तर झोपेत श्वास मंदावला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. मग त्यांनी काकांची खाट बाहेरच्या खोलीत न्यायला आणि मधलं दार लावून घ्यायला सांगितलं. बाई पुन्हा गाढ झोपू लागल्या. मी हरले ती एका दाराकडून. त्याला ना चिठ्ठी लागते, ना मुदत असते. कडीसुद्धा सैल आहे मेल्याची.

बाईंच्या ओल्या हाताने माझी कड विरघळली होती, म्हणून काकांनीही मला घेतलं नाही. पुढे डॉक्टरांनी त्यांच्याही गोळ्या बंद केल्या. मी डबीतच राहिले.

मित्रांनो, चिठ्ठीवर ज्याचं नाव, गोळी त्याचीच. उरली म्हणून ती बायकोला, शेजाऱ्याला, कुणालाच देऊ नका. मला आजही बहिणीचा हेवा वाटतो. पण सकाळी द्रौपदीबाई उठून चहाचं आधण ठेवतात, त्या भांड्याचा आवाज येतो, तेव्हा डबीत पडून राहिल्याचं काही वाटत नाही.