धुरपताबाईंच्या फुप्फुसातली पहारेकरीण

धुरपताबाईंच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा एक काळा डाग आहे. तो काजळीचा आहे. चुलीवर भात शिजवताना वर्षानुवर्षे आत गेलेला धूर तिथे साठला. त्या डागाने कधी त्रास दिला नाही. त्रास त्याच्या शेजारी वाढला.

मित्रांनो, मी त्या शेजारातच राहते. मी एक जुनी पांढरी पेशी आहे. बाई परकर नेसून शाळेत जात होत्या, तेव्हा त्यांच्या हाडांतल्या मज्जेत माझा जन्म झाला. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी असते, ती आमची शाळा. तिथे शिकवतात, की आपले कोण ते ओळखा आणि त्याला हात लावू नका. जी आपल्याच शरीरावर धावून जाते, तिला शाळेतच संपवतात. माझ्या बहुतेक सोबतिणी तिथेच संपल्या. मी बाहेर पडले.

आमच्यातली प्रत्येक जण शत्रूचा एकच चेहरा ओळखते. माझ्या वाट्याचा चेहरा मला कित्येक वर्षे भेटलाच नाही. मग एके दिवशी एका निरोप्या पेशीने त्याचा तुकडा आणून दाखवला. तो फुप्फुसातलाच होता, पण बिघडलेला. मी एकीच्या हजारो झाले आणि आम्ही तिकडे धावलो. बिघडलेल्या पेशीला चिकटायचे, तिला भोक पाडायचे, पुढचीकडे वळायचे. आमच्याकडे शाबासकी रसायनांतून मिळते. तेव्हा ती भरपूर मिळाली. तेच माझे सुखाचे दिवस.

आमच्या अंगावर थांबण्याची एक कळ असते. लढाई आटोपली की शरीर ती दाबते, नाहीतर आम्ही निरोगी भागही जाळून टाकू. उरलेल्या बिघडलेल्या पेशींची कर्करोगाची गाठ झाली आणि तिने ती कळ दाबून धरली. धूळ आणि काजळी गिळणाऱ्या दांडग्या पेशी आमच्याच घरच्या. गाठ म्हणजे जखमच, असे त्या समजल्या आणि तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढू लागल्या. साखर तिने खाल्ली, प्राणवायू तिने घेतला. आता शत्रू माझ्यासमोर उभा आहे, मी त्याला ओळखते, आणि माझा हात उठत नाही. सोबतिणी एकेक करून विझत चालल्या आहेत. शाबासकी सोडाच, आता हाकही कुणी मारत नाही.

बाहेरचे मला आवाजावरून कळते. बोलणे म्हणजे श्वासच. बाईंचा शब्द आधी माझ्या शेजारून निघतो, मग ओठांवर जातो. खोकला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, धूळ गेली असेल. पावसाळ्यात भाताची रोपे लावतात, त्या रोवणीच्या आधी गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीच्या फोटोत गाठ पाहिली. नागपूरला जाऊन सुईने तुकडा काढावा लागेल, म्हणाले. पांढऱ्या पेशींची ती कळ सोडवणारे औषध काही जणांना लागू पडते, पण तुकडा तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही. बाईंनी मुलाला, हिमांशूला, सांगितले की रोवणी होऊ दे. मग म्हणाल्या, कापणी होऊ दे. खरे कारण त्या नवऱ्याजवळ एकदाच बोलल्या.

"सुई टोचली का गाठ फुटते अन् अंगभर पसरते म्हनतेत."

मित्रांनो, सुईने गाठ पसरणे फार क्वचित घडते. वाट पाहण्याने मात्र ती पसरते. ऐन कापणीत तिच्या काही पेशी रक्तात उतरून पाठीच्या कण्याकडे निघालेल्या मी पाहिल्या. मला अडवता आले नाही. लांबलेला खोकला वेळीच दाखवा. आतून आम्हाला ओरडता येत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आमच्या गावच्या, केशोरीच्या, मंडईला बाईंची ओसरी पाहुण्यांनी भरून जाते. काल त्याच तयारीत बाईंचे पती यादोराव म्हणाले, आता एवढी मंडई आटपू दे, मग पाहू. हिमांशू चिडला.

"पाव्हन्याइले कोन रांधून घालन, एवढाच घोर आहे का तुमाले, बाबा?"

"तुया मायनंच म्हटलं ना, मंडई होऊ दे म्हनून."

मग माझ्या भोवतालची हवा हलली. फुप्फुसाच्या तळापासून श्वास वर ओढला गेला, मध्येच अडकला, पुन्हा निघाला.

"मंडई तुमीच करजा यंदा," बाई म्हणाल्या. "हिमांशू, मले उद्या नागपूरले ने. टोचू दे सुई."